‘वरून आदेश आहे’ म्हणतात. तो आदेश बघायला कुठे मिळतो?

शिवारातला

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातला शेतकरी. चार एकर कोरडवाहू रान, दोन म्हशी, एक गाय. प्रश्न आकाशवाणीबद्दल आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण दोन ओळींत उरकलं तर ‘गेले ते दिवस’ म्हणून पुढे जाल.

आमच्या आईचं वय अठ्ठ्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब सगळ्याच घरांत लिहितात. आई त्याच चौकटीत, दुधाच्या आकड्याखाली, रेडिओवर सांगितलेले बाजारभाव लिहायची. पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधलेली. ‘सो’ म्हणजे सोयाबीन, ‘तु’ म्हणजे तूर, ‘ह’ म्हणजे हरभरा. जुनी कॅलेंडरं तिने टाकलेली नाहीत, पत्र्याच्या पेटीत तळाला आहेत. 2015 च्या दिवाळीच्या पानावर ‘तु 9800’ लिहून त्याला दोनदा गोल केलाय. तेव्हा आदल्या सालची तीन पोती तूर माळ्यावर होती आणि एक व्यापारी दारात येऊन सात हजाराने मागत होता. आईने त्याला काही बोलून दाखवलं नाही, कॅलेंडर काढून त्याच्यापुढे धरलं. तो चहा न घेता निघून गेला.

आता काही वर्षं त्या चौकटीत नुसतं दूध आहे.

कारण आमच्या जिल्ह्याच्या केंद्राचे स्वतःचे कार्यक्रम एकेक करून आटत गेले. संध्याकाळी आमचा निवेदक एवढंच सांगतो की आता अमुक केंद्रावरून सहक्षेपण, आणि मोठ्या शहरातला कार्यक्रम लागतो. आवाज स्वच्छ, निवेदनही चांगलं, त्यात खोट काढत नाही. पण भाव तिकडच्या बाजार समितीचे असतात आणि पाऊसही तिकडचाच. आमच्याकडे ढगाचा पत्ता नसताना ‘आज दिवसभर संततधार’ ऐकून आई खिडकीतून वर बघते.

आधी पत्रं टाकली, उत्तर नाही. मग एसटीने साठ किलोमीटर जाऊन केंद्रावर गेलो. फाटकावर वहीत नाव लिहून घेतलं, आत सोडलं. तिथल्या साहेबांनी बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, “काका, आम्हालाही वाईट वाटतं, पण वरून आदेश आहे.” म्हटलं, त्या आदेशाची नक्कल द्या. म्हणाले, “ती बाहेर देता येत नाही.” केंद्राचं नाव लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती आणि मला कुणाच्या नोकरीवर गदा आणायची नाही.

पण परतीच्या एसटीत एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. हा ‘वर’ कोण? दिल्ली, मुंबई, मंत्रालय, की आणखी कुणी? आमच्या जिल्ह्याचा कार्यक्रम बंद करताना आम्हाला विचारावं, निदान कारण सांगावं, असं कुठल्या कायद्यात आहे का? की रेडिओ ही सरकारची मेहेरबानी, दिली तर दिली? जाणकारांनी सांगावं.

पिंपरीकर

काका, तुमच्या आईंबद्दल वाचून बरं वाटलं. पण मनातलं बोलतो, रागावू नका. आज भाव मोबाइलवर मिळतात, हवामान मोबाइलवर मिळतं. ‘न्यूज ऑन एअर’ अ‍ॅपवर देशभरातली केंद्रं ऐकता येतात. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने, म्हणजे आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या महामंडळाने, ‘वेव्हज’ नावाचं आणखी एक अ‍ॅप आणलं. आणि सरकारने पैसा दिला नाही असंही नाही. जानेवारी 2023 मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनच्या यंत्रणेसाठी 2,539 कोटींची योजना मंजूर झाली. त्याच वर्षी 28 एप्रिलला पंतप्रधानांनी एका दिवसात 91 एफएम ट्रान्समीटर सुरू केले. प्रत्येक जिल्ह्यात पूर्ण स्टुडिओ चालवणं आजच्या काळात परवडणारं आहे का, हा प्रश्न मला खरोखर पडतो. कर मीही भरतो.

जुनी निवेदिका

पिंपरीकर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. ते 91 ट्रान्समीटर प्रत्येकी 100 वॅटचे आहेत. 100 वॅटचा ट्रान्समीटर म्हणजे मनोरा आणि एक बंद खोली. बाहेरून आलेला कार्यक्रम तो आजूबाजूच्या गावांना पोचवतो. तिथे माइक नाही, निवेदक नाही, गावातल्या बाईला बोलवून बसवायला खुर्ची नाही. सीमेवरच्या, आडबाजूच्या भागात तो आलाच पाहिजे, मी त्याच्या विरोधात नाही. पण मनोरे मोजले म्हणजे प्रसारण मोजलं असं होत नाही. अ‍ॅपचंही तेच. केंद्राने दिवसभर सहक्षेपण केलं तर अ‍ॅपवर त्या केंद्राच्या नावाखाली दुसऱ्याच शहराचा आवाज येणार.

मी एका जिल्हा केंद्रावर अकरा वर्षं नैमित्तिक निवेदक होते. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या. सकाळच्या सभेसाठी, म्हणजे सकाळच्या प्रसारणासाठी, पहाटे सव्वापाचला स्टुडिओत हजर. टेबलावर क्यू शीट ठेवलेली असायची. किती वाजता कोणती वस्तू, किती मिनिटं, कुणाचं ध्वनिमुद्रण, सगळं त्यात. मी लागले तेव्हा सकाळच्या सभेची क्यू शीट पाठपोट भरलेली असे. सोडलं त्या वर्षी ती सात-आठ ओळींवर आली होती आणि त्यातल्या पाच ओळींत ‘सहक्षेपण’ हा एकच शब्द. फेडर, म्हणजे आवाजाची सरकती कळ, वर करायचा, घड्याळ बघायचं, फेडर खाली करायचा. एकेक कार्यक्रम अधिकारी निवृत्त होत गेले आणि त्यांच्या खुर्च्या तशाच राहिल्या. कार्यक्रम कुणी मुद्दाम मारला नाही हो, करायला माणूसच उरला नाही. पण माणूस का उरला नाही, याचाही जाब कुणी तरी द्यायलाच हवा ना?

काय जातं ते एका उदाहरणाने सांगते. जात्यावरच्या ओव्यांसाठी आम्ही एका आजींना केंद्रावर आणलं होतं. स्टुडिओत गालिचा, थंड हवा, समोर माइक. आजींना ओवी आठवेना. दोनदा सुरुवात करून थांबल्या. म्हणाल्या, “बाई, हाताला काहीच नाही, मग तोंडाला कसं येईल?” दुसऱ्या दिवशी आम्ही ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्या घरी गेलो. ओसरीत जातं मांडलं, मूठभर ज्वारी टाकली आणि खुंटा फिरल्याबरोबर त्या चाळीस मिनिटं थांबल्याच नाहीत. त्यातल्या कित्येक शब्दांचे अर्थ आम्ही त्यांच्या सुनेला विचारून लिहून घेतले. हे काम साठ किलोमीटरच्या आतलं केंद्रच करतं. आकाशवाणी 23 भाषा आणि 179 बोलींमधून बोलते असं अधिकृतपणे सांगितलं जातं. बोली बोलणारा माणूस बस धरून येऊ शकेल एवढ्या अंतरावर माइक असेल तरच त्या आकड्यात जीव राहतो.

शिवारातला दादा, तुम्हाला एक उपयोगाचं सांगते. प्रत्येक केंद्राचा ‘फिक्स पॉइंट चार्ट’ असतो. आठवड्याच्या कुठल्या वारी, किती वाजता, कोणता कार्यक्रम, याचा तो तक्ता. तो काही गुप्त कागद नाही. 2015 चा आणि या वर्षीचा, दोन्ही मागा. शेजारी ठेवलेत की स्थानिक कार्यक्रम किती मिनिटांवरून किती मिनिटांवर आला ते आपसूक दिसेल. मग ‘आम्हाला तसं वाटतं’ म्हणायची वेळ येणार नाही. हातात कागद असेल.

दप्तरी

मी सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर गावातल्या लोकांचे माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहून देतो. काकांच्या प्रश्नाला क्रमाने उत्तर देतो.

रेडिओ ही मेहेरबानी नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की प्रसारणाच्या लहरी (एअरवेव्हज) ही जनतेची मालमत्ता आहे. वाद होता केंद्र सरकार आणि बंगालच्या क्रिकेट संघटनेचा, मुळात प्रक्षेपणाच्या हक्कांचा, म्हणजे पैशाचाच. पण निकालातून निघालं ते तुमच्या आईच्या कामाचं आहे. लहरी सरकारच्याही नाहीत आणि पैसे मोजणाऱ्याच्याही नाहीत.

दुसरं, कायदा. आणीबाणीत आकाशवाणी कशी राबवली गेली ते माझ्या पिढीने कानांनी ऐकलंय. त्यानंतर पत्रकार बी. जी. व्हर्गीज यांच्या समितीने प्रसारण सरकारच्या हातून काढून स्वतंत्र करा असं सांगितलं. ते घडायला 1990 उजाडलं. तेव्हा प्रसार भारती कायदा झाला, आणि अमलात यायला आणखी सात वर्षं, सप्टेंबर 1997. त्या कायद्याचं कलम 12 वाचा. शेती, ग्रामविकास, शिक्षण, आरोग्य यांच्याकडे विशेष लक्ष देणं आणि वेगवेगळ्या प्रदेशांतल्या संस्कृतींना व भाषांना पुरेसं स्थान देणं हे या महामंडळाचं काम म्हणून लिहून ठेवलंय. ‘परवडलं तर’ असं तिथे लिहिलेलं नाही.

आता तुमचा ‘वर’. कायदा करणाऱ्यांनी याचा विचार केला होता, हे मला फार मोलाचं वाटतं आणि म्हणूनच पुढचं वाईट वाटतं. कलम 13 म्हणतं, 22 खासदारांची समिती असेल, लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7. प्रसार भारती आपलं काम कायद्याप्रमाणे करते की नाही यावर तिने नजर ठेवायची. कलम 14 म्हणतं, एक प्रसारण परिषद असेल. एक अध्यक्ष, सार्वजनिक जीवनातली दहा नामवंत माणसं आणि चार खासदार. तुमच्यासारख्या श्रोत्याची तक्रार ऐकायला ही परिषद. म्हणजे जे पत्र तुम्ही केंद्रावर टाकलंत ते जिथे पोचायला हवं होतं, ती जागा कायद्यात आहे. प्रत्यक्षात ती भरलीच गेली नाही. जानेवारी 2014 मध्ये प्रसार भारतीच्या कारभाराबद्दल नेमलेल्या सॅम पित्रोदा समितीने अहवाल दिला, तेव्हाही कायद्यातली ही संसदीय समिती नेमा असं सांगावं लागलं. कायदा अमलात येऊन तेव्हा सोळा वर्षं उलटली होती. या काळात केंद्रात सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली, तेव्हा हे एका पक्षाच्या माथी मारू नका. आपल्यावर नजर ठेवणारी समिती नेमायची घाई कुठल्याच सरकारला नसते. ती घाई आपण करायची असते.

तिसरं, आदेशाची नक्कल. ‘बाहेर देता येत नाही’ हे उत्तर चालत नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी वस्तुस्थिती आपणहून प्रसिद्ध करायची आणि प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना द्यायची. तुमच्या आई बाधित व्यक्ती आहेत. त्यांच्या नावाने अर्ज करा.

अर्ज करताना चार गोष्टी सांभाळा. प्रसार भारती केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते, त्यामुळे कोर्ट फी स्टँप लावू नका, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. राज्याच्या कचेऱ्यांना स्टँप चालतो म्हणून लोक इथे तोच लावतात आणि अर्ज परत येतो. मराठीत लिहा, त्या भागाच्या राजभाषेत अर्ज करण्याचा हक्क कायद्यातच आहे. कशासाठी हवं ते सांगू नका, ते विचारायची परवानगी त्यांना नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘कार्यक्रम का बंद केला’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर येतं की अशी माहिती अभिलेखावर नाही. कागद मागा. ज्या पत्राने सहक्षेपण सुरू झालं त्याची तारखेसह प्रत. निवेदिकाबाईंनी सांगितलेले दोन तक्ते. कार्यक्रम अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती. आणि शेवटी कलम 13 व 14 खालच्या समिती आणि परिषदेची स्थापना झाल्याचा आदेश असल्यास त्याची प्रत. हा शेवटचा मुद्दा माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे वेगळ्या अर्जाने पाठवा.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला फी नाही. त्यानंतर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोग. तिथे वेळ लागतो, ते मनाशी धरूनच उतरा.

आणि तुमच्या खासदारांना भेटा. निवेदन देऊन फोटो काढू नका, त्यांच्या हातात लिहून तयार असलेला प्रश्न द्या. संसदेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर छापील राहतं. मंत्री ‘विचार करू’ म्हणाले तर त्याचीही नोंद होते आणि दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी वेगळी समिती दोन्ही सभागृहांत आहे. माहिती हाती आल्यावरच जा. आधी गेलात तर त्यांच्याकडेही विचारायला काही नसतं.

सातारी पोर

एक मुद्दा सुटतोय. आपल्या देशात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात, बस. सामुदायिक रेडिओचंही तसंच. सप्टेंबर 2023 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार-प्रसारणाच्या नियामक संस्थेने, शिफारस केली की खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात, पण शिफारस म्हणजे परवानगी नव्हे. म्हणून पिंपरीकरांचा हिशेब मला पटत नाही. भाजीचं एक दुकान बंद झालं तर दुसऱ्या दुकानात जाता येतं. इथे बातम्यांचं दुसरं दुकान काढायलाच मनाई आहे, आणि जे एक आहे तेही आवरतं घेतलं जातंय. दुसऱ्याला बोलू द्यायचं नसेल तर स्वतः बोलत राहणं ही सरकारची जबाबदारीच झाली.

आणि लोक बोलले की फरक पडतो. जून 2023 मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा निर्णय झाला होता. आमच्याकडे सकाळच्या पुण्याच्या बातम्यांवर शाळेची तयारी चालायची. बातम्या संपल्या की आजी वेणी घालायला बसवायची. दोन दिवसांत एवढा गदारोळ झाला की केंद्रीय मंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. पण मला तेव्हाही वाटलं होतं आणि अजून वाटतं, की पुण्यात पत्रकार आहेत, मंत्र्यांचे फोन नंबर असलेली माणसं आहेत. शिवारातल्या काकांच्या जिल्ह्यात कार्यक्रम गेला तेव्हा बातमी द्यायला तरी कोण होतं?

पिंपरीकर

खासगी एफएमचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता, तो मान्य. परवडण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण ते तपासायलाही आधी आकडे लागतील. काका, मंत्रालयाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, फीही तिथेच भरता येते. तुम्ही मजकूर पाठवा, मी भरून देतो आणि नोंदणी क्रमांक तुम्हाला कळवतो.

शिवारातला

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण सोयाबीन काढणीला आलं होतं.

अर्ज आईच्या नावाने लिहिला. दप्तरींनी सांगितल्याप्रमाणे ‘का’ एकदाही लिहिलं नाही. तीनदा लेखणीवर आलं होतं, खोडलं. पाच मुद्दे झाले. सहावा मुद्दा आईने सांगितला: आमच्या जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे भाव शेवटचे कोणत्या तारखेला वाचले, त्या दिवसाच्या लॉगबुकच्या पानाची प्रत. निवेदिकाताई, लॉगबुक इतकी वर्षं जपून ठेवतात का, ते जरा कळवा. नसेल ठेवलं तर तसं लेखी येईल, तेही चालेल.

पोस्टात दहाची पोस्टल ऑर्डर मागितली तर मास्तरांनी विचारलं, नोकरीचा फॉर्म का? म्हटलं, नाही, रेडिओचा अर्ज. ते म्हणाले, पूर्वी रेडिओचं लायसन याच खिडकीत भरायचे, वडील रांगेत उभे राहायचे. मग त्यांनी पाकीट स्वतः चिकटवून दिलं, स्पीड पोस्टाची पावती पिशवीत नीट ठेवा म्हणाले.

पिंपरीकर, मंत्रालयाचा मजकूर वेगळा पाठवतोय. खासदारांकडे उत्तर आल्यावर जाणार. आलेलं उत्तर जसं असेल तसं इथे टाकीन.

अर्जावर सही करताना आईने सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. “उत्तर कधी यायचं?” म्हणाली. पोचल्यापासून तीस दिवस, म्हटलं. तिने चार दिवस वर धरले, दोऱ्याची पेन्सिल घेतली, एकेक चौकट मोजत पान उलटलं आणि पुढच्या महिन्याच्या चौकटीत, दुधासाठी वर जागा सोडून, खाली ‘रे’ लिहिलं.